लाल गोळी आणि सकाळचा चहा

यवतमाळ जिल्ह्यातल्या बायका लोहाच्या गोळ्या खात नाहीत, याविषयी आम्ही पूर्वी फार अधिकाराने बोलत असू. "गोळीनं पोट्टं मोठं होते, अन् मंग अडते," हे पांढरकवड्याकडच्या एका बाईचे बोलणे ऐकून आम्ही हसलोही होतो. आता वाटते, जिथून रात्री दवाखाना गाठायचा म्हणजे आधी गाडी शोधावी लागते, तिथे मोठ्या बाळाची भीती अडाणीपणातून येत नाही. ती हिशेबातून येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पूर्ण १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता मात्र जेमतेम २६ टक्के होत्या.

आमची पुतणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा आमच्या घरात गोळी चुकणे शक्यच नव्हते. रोज सकाळी लाल गोळी तिच्या तळहातावर, आणि लगोलग वाफाळता, दाट चहा. ही सेवा आम्ही जातीने केली. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.२ होते, गरोदरपणी ते ११ च्या खाली नसावे. दीड महिन्याने पुन्हा तपासले, तर ८.४! डॉक्टरीणबाईंनी आधी सिकलसेलची तपासणी करून घेतली. आपल्या विदर्भात ती करावीच लागते, कारण प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच असतो असे नाही. ती निर्दोष निघाली. मग त्यांनी एवढेच विचारले, "गोळी कशासोबत घेतेस?"

चहातले टॅनिन लोहाला आतड्यातच धरून ठेवते. दुधातले कॅल्शियमही आडवे येते. गोळीच्या आगेमागे तासदोन तास चहा नको, लिंबूपाणी चालेल. एवढी साधी गोष्ट, आणि घरात तीन पदवीधर!

या गोळीचा अर्धा इतिहास मुंबईचा आहे, हेही आम्ही तेव्हाच वाचले. ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक १९२८ साली मुंबईत आली. कापडगिरण्यांतल्या गरोदर कामकरणींना होणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. तो लोहाने हटत नव्हता. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने हटला. १९३१ साली तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले, आणि आज ते लोहासोबत त्याच लाल गोळीत असते. वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांत जाई, तिथल्या बायकांच्या रक्तातून निघालेले औषध कापसाच्या मुलखात परत आले, आणि आम्ही ते चहात बुडवले.

बाळ दोन किलो शंभर ग्रॅमचे झाले. ते चहामुळे, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. तसे सांगता येत नाही, कारणे अनेक असतात. पण गर्भ आपला लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून भरून घेतो, आणि जन्मानंतरचे पहिले सहा महिने त्यावर काढतो, हे त्यांनी सांगितले, तेव्हा आम्ही पुतणीकडे पाहू शकलो नाही.

कमी वजनाचे म्हणून पुढे बाळालाही लोहाचे थेंब सुरू झाले. चौथ्या दिवशी दुपट्यावरची काळी शी पाहून आई घाबरली आणि बाटली फडताळात लपवू लागली. पुतणीने ती तिच्या हातातून काढून घेतली, "आजी, लोहानं काळीच होते," म्हणाली, आणि चहाचे आधण ठेवायला निघालेल्या आम्हांला नजरेनेच थांबवले.