ताटाला तोंडी लावलेले संगीत

१/ गिरगावातून जगन्नाथ शंकरशेट मार्गाने धोबी तलावाकडे आले की जेर महाल ही जुनी इमारत दिसते. तिच्यात गोमंतकीयांचे 'कूड' आहेत. कूड म्हणजे गोव्यातील एखाद्या गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी राखलेला निवारा. खलाशी, आचारी आणि वादक अशाच निवाऱ्यांत पेटी ठेवत आणि कामाची वाट पाहत.

२/ या वादकांनी मुंबईच्या उंची उपाहारगृहांना पोर्तुगीज संगीत दिले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. फादो लिस्बनचा, मांडो गोव्याचा, शब्दांनी कोंकणी, व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीचा. हॉटेलांची मागणी मात्र वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि जॅझची होती.

३/ मग पोर्तुगीज वारसा कोणता? तो गाण्यात नव्हता, शिक्षणात होता. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. प्रार्थनेसाठी दिलेली ही विद्या पुढे पोटापाण्याला आली. समोर कोणत्याही देशाचा कागद ठेवला, तरी हा वादक तो वाचून वाजवू शके.

४/ हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ असेच शिकले. ट्रम्पेट हाती घेऊन ते 'चिक चॉकलेट' झाले आणि १९४० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात गाजले. श्रोते त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नाव अमेरिकेचे, विद्या चर्चची, रोजगार मुंबईचा!

५/ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांच्या रात्री मंदावल्या. पूर्वीपासून थोडेफार मिळणारे चित्रपटांचे काम आता अनेकांचा मोठा आधार ठरले.

६/ १९५१ चा 'अलबेला' आठवावा. निर्माते आणि नायक भगवानदादा पालव हे दादर-परळच्या गिरणी कामगार वस्तीत वाढलेले, संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, आणि त्यांच्यासोबत चिक चॉकलेट. श्रीमंतांच्या जेवणाला तोंडी लावलेला तो ट्रम्पेट आता लालबाग-परळच्या कामगारांनाही तिकीट काढून ऐकता आला. ज्या हॉटेलाच्या दारातून त्यांना आत जाता आले नसते, तिथलेच संगीत त्यांच्या चाळींत गुणगुणले जाऊ लागले.

७/ पण श्रेयाचे काय? पडद्यावर संगीतकाराचे नाव येई. वाद्यमेळ लिहिणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्यांचे क्वचितच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. हे ठिकाणही धोबी तलावालगतच! लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. चित्रपटसंगीतात ज्यांची दखल घेतली जात नव्हती, ते वादक त्या दिवशी रसिकांसमोर बसले होते.

८/ त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचे नाव गाण्यात गुंफले. ते नाव देशभर पोहोचले. ते एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे, हे मात्र गाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक होते.

९/ यापुढे 'अलबेला' पाहताना भगवानदादांच्या पावलांवरून क्षणभर नजर काढून मागच्या वादकांकडे न्यावी. त्यातल्या अनेकांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत सापडणार नाहीत. ज्यांच्या घरी एखादे जुने छायाचित्र किंवा स्वरलेखनाची वही असेल, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नये.