गोटाच्या आतले

नवरात्र संपले आणि आमच्या बाहेरच्या खोलीत एक गोधडी पसरली गेली. पुढचे तीन दिवस घरात कुणालाही सरळ चालता आले नाही. कोपरखैरण्यातले आमचे घर ते केवढे! गोधडी पसरली की माणसांनी भिंतीला धरून स्वयंपाकघर गाठायचे. जाणारा-येणारा विचारी, "अजून झाली नाही का?" आणि मी म्हणे, "होतेच आहे."

खरे सांगायचे तर गोधडी शिवून झाली होती. राहिला होता फक्त गोट. पण गोट लावण्यापूर्वी चारी कडा कापून सारख्या कराव्या लागतात, आणि तिथेच माझे घोडे अडले होते. कात्री मांडीवर घेऊन मी नुसती बसून होते.

गोधडी माझ्या मुलीसाठी. ती पुण्याला नर्सिंग शिकते. गणपतीत आली तेव्हा आजीच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, थंडीसाठी तुझ्या हातची गोधडी दे. पण गोटाची हं! आमच्या खोलीतल्या मुलींच्या दुलयांना असतो तसा."

आईला हे गोट प्रकरण फारसे रुचले नाही. आमचे गाव पाटणकडचे. तिकडे गोधडीच्या कडा आत दुमडतात आणि वरून टाके घालतात, कापीत नाहीत. "लुगडं काय कापायला असतंय व्हय?" आई म्हणाली, "ते फाटंस्तवर नेसायचं, फाटलं की गोधडीत घालायचं." पण नातीचा हट्ट. त्याच्यापुढे पाटणची रीत किती टिकणार? आईच्या एका डोळ्याचे मोतीबिंदू काढले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. सकाळी बालवाडीत जाण्यापूर्वी मी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवी आणि दुपारी परत येई तो दहाही मोकळ्या झालेल्या असत.

वर माझ्या मुलीच्या लहानपणच्या फ्रॉकांचे तुकडे, खाली माझे एक जुने पातळ, आणि मध्ये भरण म्हणून दोन थर: आईचे नऊवारी आणि बाबांचे धोतर.

बाबा माथाडी होते. पाटण तालुक्यातली पुष्कळ माणसे आली तसेच तेही पोटासाठी मुंबईला आले. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, त्याची हकिगत ते एखाद्या सणाची सांगावी तशी सांगत. पुढे मुंबईतले घाऊक बाजार खाडी ओलांडून वाशीला आले आणि त्यांच्या मागोमाग आम्हीही आलो. बाबांनी जन्मभर कांद्याच्या गोणी वाहिल्या. डोक्यावरच्या चुंबळीसाठी त्यांना जुन्या धोतराचा तुकडा लागे. ते गेल्यावर ट्रंकेत एक धड धोतर आणि चुंबळीचा एक तुकडा राहिला होता. आईने तो तुकडा धोतरालाच, कडेशी, जोडून टाकला होता. मला हे ठाऊक होते. म्हणूनच कात्री चालत नव्हती.

आता न शिवणाऱ्या वाचकाला वाटेल, की चार थर सारखे कापून एकावर एक ठेवले तर शेवटी पुन्हा कापायचे कशाला? मलाही तसेच वाटे. पण धावदोऱ्याचा प्रत्येक टाका कापड थोडे आत ओढतो. नवे कापड थोडे आटते, जुने ढिले पडते, धोतर आपल्या जागी बसते आणि पातळ सरकते. मध्यावर हजारभर टाके पडेपर्यंत कडा आपापल्या वाटेने गेलेल्या असतात. कुठे चार बोटे बाहेर, कुठे दोन बोटे आत. हा शिवणारीचा दोष नव्हे. कापडांना एकत्र बांधायचे म्हटले, की एवढी ओढाताण व्हायचीच.

उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला, सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि फिरत फिरत मध्यावर येऊन थांबतात. कोपऱ्यांवर घडीच्या त्रिकोणी तुकड्यांची फुले लावल्याशिवाय त्यांना कवंदी पुरी झाली असे वाटत नाही. कात्री घेऊन बसले असताना मला त्या बायकांचा मोठा हेवा वाटला. कड आधीच झालेली. मग शेवटी भिण्यासारखे उरतेच काय!

चौथ्या दिवशी आईच म्हणाली, "बाई, काप की आता! का दिवाळी हिच्यावरनं उडी मारून जायाची?"

मी शिकले मॅट्रिकपर्यंत. आता तिला दहावी म्हणतात, पण बाबा शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. त्या मॅट्रिकच्या भूमितीचा मला जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. गोधडी कापून साडेचार फूट रुंद आणि सहा फूट लांब करायची होती. आमच्या खोलीत दोन फुटी फरशा आहेत. तीन फरशांची लांबी म्हणजे बरोबर सहा फूट. फरशांच्या सांध्यांवर गोधडी न ताणता बसवली आणि खडूने रेघा मारल्या. मग दोन्ही कर्ण मोजले. साडेचार आणि सहाचा कर्ण साडेसात यायला हवा. एक आला साडेसातापेक्षा इंचभर जास्त, दुसरा तेवढाच कमी. म्हणजे चौकट कलली होती. कोपरा हलकेच ओढून रेघा पुन्हा मारल्या, तेव्हा दोन्ही सारखे आले. गवंडी पाया आखताना दोरीने हेच करतो, आणि बोधायनाच्या शुल्बसूत्रातही आयताच्या कर्णाचा हाच नियम आहे.

रेघा पाहताना मनात आले, आमचे हे शहरसुद्धा असेच आखलेले. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनींवर रेघा पडल्या. सरळ सेक्टरांच्या मध्ये जुनी गावठाणे अजून वाकडीतिकडी उभी आहेत. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली, तेव्हा कुठे कापल्या गेलेल्या जमिनीतला काही वाटा परत देण्याची भाषा सुरू झाली. आम्हीही त्या कापलेल्या जमिनीवरच राहतो. सरळ रेघ दिसायला छान असते. तिच्या बाहेर काय पडले ते खाली वाकून पाहावे लागते.

"कडंला कच्चा धावदोरा घाल आधी," आई खाटेवरून म्हणाली, "न्हाईतर कात्रीम्होरं खालचं कापड पळतंय." मी रेघेच्या आत बोटभर अंतरावर कच्चा दोरा घातला. मग कात्रीचे खालचे पाते फरशीला टेकवून, न उचलता, कापीत गेले. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला ती चुंबळ होती. निम्मी रेघेच्या आत, निम्मी बाहेर.

कादंबरी लिहिताना मी अशी पाने काढून टाकली आहेत. प्रत्येक वेळी वाटले आहे, की यातच सगळे होते. इथेही तसेच वाटले. डोळे मिटून कापता येत नाही, नाहीतर तेही केले असते.

पण मी एक चूक केली. त्या बाजूला चुंबळीमुळे कड जाड झाली होती. गोट बोजड दिसेल म्हणून वरचे आणि खालचे कापड रेघेवर ठेवून मधले भरण मी आणखी अर्धा इंच आत, जिथे गोटाची शिवण येणार तिथपर्यंत, कापून टाकले. उरेब पट्ट्यांचा निळा गोट लावला. दिसायला सुरेख बसला. मी गोधडी आईच्या मांडीवर ठेवली.

तिने पाहिली नाही. चारी कडांवरून अंगठा फिरवला. चौथ्या बाजूला अंगठा थांबला.

"ह्यो पोकळ हाय."

"जाड होत होता म्हणून भरण थोडं आत कापलं."

"अगं, गोधडी आधी कुठं फाटती? कडंला. रातच्याला माणूस कड धरून वढतंय. तिथंच आत काय नसलं, तर निस्ता गोट किती दिस टिकंल?"

मी गप्प बसले. अर्ध्या इंचाच्या गोटाला शिवणीपुढे अर्धा इंच भरण लागतेच, एवढे साधे गणित माझ्या मॅट्रिकला सुचले नव्हते.

आईने चौथ्या बाजूचा गोट उसवायला लावला. मग विचारले, "कापल्यालं कुठं टाकलंस?" मी टाकले नव्हते. एका पिशवीत भरून कपाटावर ठेवले होते. ती पिशवी तिने मांडीवर उपडी केली आणि बोटांनी चाचपून एकेक चिंधी निवडू लागली. पातळाच्या, फ्रॉकाच्या चिंध्या बाजूला केल्या. धोतराच्या आणि चुंबळीच्या ठेवल्या. अर्ध्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या मी कापल्या, टोकाला टोक लावून त्या कडेशी टाचल्या, आणि वरून गोट पुन्हा घातला. या खेपेला अंगठा कुठे थांबला नाही.

धनत्रयोदशीला मुलगी आली. गोट पाहून खूष झाली. त्या रात्री तीच गोधडी घेऊन झोपली. मी दिवा मालवायला गेले तेव्हा तिने झोपेत गोधडी हनुवटीपर्यंत ओढली होती आणि चौथ्या बाजूची कड मुठीत घट्ट धरली होती. आत काय आहे ते तिला मी अजून सांगितलेले नाही. आई म्हणते, "सांगायचं कशाला? ऊब लागली म्हंजी झालं."