कवितेतला घोडेस्वार

मुलीकडे बॉस्टनला राहावयास गेलो असता नातवाला इतिहास शिकविण्याचे काम आमच्याकडे आले. त्याचे सनावळ्यांनी भरलेले पुस्तक पाहून आम्हांस आमचीच शाळा आठवली, आणि ते मिटून आम्ही लाँगफेलोची पॉल रेव्हिअरवरील कविता काढली. १८ एप्रिल १७७५ ची रात्र, चर्चच्या मनोऱ्यातील दोन कंदील, गावोगाव इशारा देत धावणारा घोडा! आठ दिवसांत कविता तोंडपाठ झाली आणि चिरंजीवांनी ती वर्गात म्हणून दाखविली.

परत आला तो तोंड पाडून. "आजोबा, तुम्ही मला खोटं शिकवलंत." बाईंनी सर्वांसमक्ष सांगितले होते की, रेव्हिअर कॉन्कर्डला पोहोचलाच नाही, वाटेत तो इंग्रजांच्या गस्तीच्या हाती सापडला. कॉन्कर्ड गाठले ते प्रेस्कॉट नावाच्या डॉक्टराने. कंदीलदेखील रेव्हिअरला खूण म्हणून नव्हते. पलीकडच्या चार्ल्सटाउनकरांसाठी त्यानेच ती व्यवस्था केली होती. मुलाला चारचौघांत खाली पाहावयास लावण्याचे कारण नव्हते, असे आम्हांस अजूनही वाटते. पण बाईंचे म्हणणे खरे होते, आणि आम्हांस त्यातले काहीएक ठाऊक नव्हते. नातवापुढे हे कबूल करताना जीभ जड झाली.

मग दोघे मिळून शोधास लागलो. कविता 'अटलांटिक मंथली'च्या जानेवारी १८६१ च्या अंकातली. गुलामगिरीवरून देश दुभंगत होता. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघाली होती. गुलामगिरीचा विरोधक असलेल्या कवीला निजलेला देश जागवावयाचा होता, आणि त्या कामी तीन घोडेस्वारांपेक्षा एकच बरा. हे ऐकून नातू क्षणभर थांबला व म्हणाला, "म्हणजे ही गोष्ट १८६० ची आहे, १७७५ ची नाहीच!" इतके नेमके आम्हांस सुचले नसते.

पुढे एस्थर फोर्ब्सची 'जॉनी ट्रिमेन' हाती घेतली. बाईंनी आधी रेव्हिअरचे चरित्र लिहिले, त्यास १९४३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी ही कादंबरी निघाली. वितळलेल्या चांदीने हात भाजलेला उमेदवार जॉनी कल्पित; पण त्याच्या भोवतालचे बॉस्टन अभ्यासून उभे केलेले. नातू आता हाती पेन्सिल घेऊनच वाचतो आणि दर पानाला "हे खरं का?" म्हणून अडवितो. वाचन रखडते खरे, पण पूर्वी तो काही विचारीतच नसे.

परवा पुस्तक मिटून त्याने सहज विचारले, "आजोबा, सिंहगडावर तानाजीने घोरपड लावली, ते खरं का?"

आम्ही चष्मा शोधावयास उठलो.