अंबेची खाडी आणि घाटाची वाट

डोलवी, ता. पेण, जि. रायगड

चि. निनाद यास,

डोलवीच्या आसपास लोहखनिजाची खाण नाही, दगडी कोळशाचीही नाही. तरीही अंबा नदीच्या काठी देशातल्या मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एक उभा आहे. तो इथेच का, याचे उत्तर शोधायचे तर पूर्वेचा सह्याद्री आणि पश्चिमेची खाडी दोन्हींकडे एकत्र पाहावे लागते.

सह्याद्री पश्चिमेला कड्यासारखा तुटलेला आहे. त्याचा माथा आणि समुद्र यांच्यामध्ये कोकणाची अरुंद पट्टी. घाटमाथ्यावर पडलेला बहुतेक पाऊस भीमा-कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जातो. पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड आणि पावसाळ्यात बेफाम. पण सपाटीला लागल्या की त्यांच्यात भरतीचे पाणी शिरते आणि त्यांची खाडी होते. अंबा खोपोलीच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतून निघते, जांभूळपाडा आणि पालीवरून नागोठण्याला येते, तिथून उत्तरेकडे वळून डोलवी, धरमतरवरून रेवसपाशी मुंबईच्या समुद्राला मिळते. नागोठण्यापर्यंत भरतीबरोबर गलबते येत. त्यापुढे माल बैलांच्या पाठीवर.

जिथे भरती संपते तिथे बंदर आणि जिथे चढ सुरू होतो तिथे नाके, हा कोकणच्या व्यापाराचा जुना नियम. नागोठणे, पेणचे अंतोरे, पनवेल ही गावे याच नियमाने वसली. कोकणातून वर मीठ, सुकी मासळी आणि नारळ जात, घाटावरून धान्य, गूळ, कापूस उतरे. सुधागड तालुक्यातली ठाणाळे आणि खडसांबळे इथली बौद्ध लेणी अंबेच्या खोऱ्यात, घाटवाटांच्या पायथ्याशी कोरलेली आहेत, ती योगायोगाने नव्हे. चौलसारखे बंदर टॉलेमीला ‘सिमुल्ला’ म्हणून ठाऊक होते, आणि त्या बंदरांना देशाशी जोडणाऱ्या वाटांवर व्यापारी आणि भिक्षू दोघांचीही ये-जा होती. नाणेघाटात आजही दिसणारा जकातीचा दगडी रांजण याच व्यवहाराची खूण मानला जातो. नागोठण्याचा जुना दगडी पूल १५८० च्या सुमाराचा, निजामशाही काळातला.

हा सारा व्यापार हंगामी. मृग लागला की गलबते वर ओढली जात, घाट निसरडे होत. नारळी पौर्णिमेला दर्या शांत झाल्यावर पुन्हा हालचाल सुरू.

वाटा मोजक्या असल्या की त्यांवर पकड असलेल्याचे राज्य चालते. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने कारतलबखानाला उत्तर कोकणावर पाठवले. त्याची फौज कुरवंडे घाट उतरून अंबेच्या उगमाजवळच्या उंबरखिंडीत शिरली. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये नदीपात्राला चिकटलेली अरुंद वाट, आणि पुढून-मागून शिवाजी महाराजांची माणसे. खंडणी आणि सामान देऊन खानाला परतावे लागले. संख्येने मोठे सैन्य अशा जागी निरुपयोगी ठरते. मराठ्यांचे बळ केवळ शौर्यात शोधणाऱ्यांनी ही खिंड एकदा उन्हाळ्यात चालून पाहावी. किनाऱ्यावर मात्र डोंगर कामाला येत नव्हते. तिथे मुरूडचा सिद्दी, चौल-कोर्लईचे पोर्तुगीज आणि मुंबईचे इंग्रज जहाजे बाळगून होते, म्हणून स्वराज्यालाही आरमार उभारावे लागले. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर तटबंदी सुरू झाली तेव्हा इंग्रज अस्वस्थ झाले, कारण ते बेट मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी आहे.

खाडी सरहद्दही होती. १८१८ मध्ये पेशवाई गेली तेव्हा पूर्वेकडचा पेण-सांकशीचा मुलूख कंपनीकडे आला, पश्चिमेला अलिबाग मात्र १८४० पर्यंत आंग्र्यांचे राहिले. कुलाबा जिल्हा १८६९ मध्ये वेगळा झाला. रायगड हे नाव १९८१ चे.

राज्ये बदलली तरी खाडीकाठच्या माणसाचे खरे भांडण समुद्राशी. डोलवी, वडखळच्या बाजूची बरीचशी शेती ही भरतीच्या पाण्यापासून मिळवलेली खार जमीन आहे. चिखल-मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची म्हणजे ओहोटीला आतले पाणी बाहेर पडते आणि भरतीला दार बंद. पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढत काही वर्षांनी भात घ्यायचे. सुरुवातीला खारेपण सोसणारा राता लावत. बांधाला खांड गेली तर एकाचे नव्हे, साऱ्या खारीचे पीक जाते, म्हणून डागडुजी गावाने मिळून करायची पद्धत पडली. तिला जोळ म्हणतात. रॉटरडॅमला राहणाऱ्या तुला हे ओळखीचे वाटेल, कारण हॉलंडची निम्मी भूमी अशाच सामुदायिक बांधांमागे आहे. आगरी शेतकऱ्यांचे हे काम किल्ल्यांइतकेच मोठे आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याला फार कमी जागा मिळाली. याच खारपट्ट्यात, खाडीपलीकडच्या चरी गावात १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो सहा वर्षे टिकला. खारजमिनींचा कायदा १९४८ चा. पुढे बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली तशी जोळ विसविशीत झाली.

व्यापाराची दिशा बदलली ती बोरघाटामुळे. १८३० मध्ये तिथे गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे चढली, आणि देशावरचा कापूस थेट मुंबईला उतरू लागला. मग बारीकसारीक घाटवाटा आणि खाडीच्या टोकाची बंदरे ओस पडत गेली. मुंबईहून धरमतरला आगबोटी येत आणि तिथून पुढे पेण, महाडच्या रस्त्याने प्रवास होई, एवढाच खाडीचा मान उरला. किनाऱ्याला समांतर वाट करणे घाट चढण्याहून अवघड, कारण दर काही मैलांवर एक खाडी आणि एक डोंगराची सोंड आडवी येते. रोह्यापासून निघणारी ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडले.

दरम्यान समुद्रानेच खाडीला पुन्हा काम दिले. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल आणि वायू सापडला. तो वायू किनाऱ्यावर आल्यावर थळचा खत कारखाना आणि नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प उभे राहिले. डोलवीला १९९४ मध्ये त्याच वायूवर स्पंज आयर्न बनवणारी भट्टी सुरू झाली. मूळची इस्पात कंपनी २०१० मध्ये जेएसडब्ल्यूकडे गेली, आणि कारखान्याची वार्षिक क्षमता आता १ कोटी टनांच्या घरात आहे.

मोठी जहाजे अंबेत येऊ शकत नाहीत, खाडी उथळ आहे. त्यामुळे खनिज आणि कोळसा मुंबईच्या बाहेर समुद्रात किंवा रत्नागिरीच्या जयगड बंदरात छोट्या जहाजांवर चढतो आणि तिथून धरमतरच्या धक्क्यावर येतो. रॉटरडॅमला उतरलेले खनिज पडावांवरून ऱ्हाईनने ड्युइसबुर्गच्या भट्ट्यांना जाते, ती हीच रीत. फरक इतकाच की ऱ्हाईनवरून दक्षिणेकडे मैलोन्‌मैल आत जाता येते, अंबेची वाट नागोठण्यालाच संपते. पुढे सह्याद्री आहे, म्हणून तयार पोलादाला रस्ता आणि रेल्वेच धरावी लागते.

तुझा मामा