फोटोच्या मागे नाव लिहा

माणसाला कसला ना कसला नाद असतोच. कुणाला बैलजोडीचा, कुणाला भजनाचा, कुणाला दर आठवड्याच्या बाजाराचा. मला जुन्या फोटोंचा आणि जुन्या पुस्तकांचा नाद आहे. मी विस्तार अधिकारी. शिक्षण अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. अॅग्रीपर्यंत. इतिहास शाळेत होता तेवढाच. पण नोकरीच अशी की रोज कुणाच्या तरी ओसरीवर बसावे लागते. कोळशीची फवारणी कधी करायची, डिंक्याला बोर्डो मलम कसे लावायचे, हे बोलणे झाले की घरात चहाचे आधण चढते. चहा येईपर्यंत माझे डोळे भिंतीवर फिरतात. भिंतीवर देव असतात, कॅलेंडर असते, आणि त्यांच्या मधोमध काळपट चौकटीत एक जुना फोटो असतो. मी विचारतो, "काकाजी, हे कोण जी?" तिथून जी गोष्ट सुरू होते, ती संत्र्याच्या गोष्टीपेक्षा लांबते.

शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याचे, वरुड तालुक्यातले गाव. संत्र्याच्या कलमांसाठी दूरदूरचे लोक इथे येतात. या कलमांचीच एक गंमत सांगतो. बगीचा कुणाचा आहे हे सारा गाव सांगतो. पण त्या झाडांवर डोळा कुणी बांधला, जंबेरीच्या खुंटावर चाकूची ती चीर कुणी दिली, हे विचारले तर दहांतले नऊजण मान हलवतात. फोटोचेही तसेच आहे. फोटोत कोण आहे हे घरात निदान एखाद्या म्हातारीला ठाऊक असते. फोटो कुणी काढला हे कुणालाच ठाऊक नसते.

हिंदुस्थानातल्या मोठ्या फोटोग्राफरांची नावे पुस्तकांत आहेत. लाला दीनदयाळ यांनी निजामाचे, राजेरजवाड्यांचे फोटो काढले. ते फोटो संग्रहालयांत काचेआड जपून ठेवले आहेत, त्यांची काळजी घ्यायला पगारी माणसे आहेत. वरुड, मोर्शी, अमरावती अशा गावांतल्या स्टुडिओवाल्यांचे काय? एक खोली, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर जिना नाहीतर ताजमहाल, पुढे एक तिवई आणि तिच्यावर कागदी फुलांची फुलदाणी. फोटो काढायला आलेल्या गड्याला मनगटी घड्याळ हवे असेल तर तेही स्टुडिओतच मिळायचे. माझ्या संग्रहात तीन वेगवेगळ्या घरांतले तीन तरुण आहेत आणि तिघांच्या मांडीवर एकच ट्रान्झिस्टर आहे. कोपऱ्यावर फुटलेला आहे, म्हणून ओळखता येतो.

हे लोक कारागीर होते. चेहऱ्यावर देवीचे व्रण असतील तर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून ते झाकत. काळ्या-पांढऱ्या फोटोवर ब्रशने गालाला लाली आणि लुगड्याच्या काठाला हिरवा रंग भरत. मुलगी पसंतीला दाखवायची असेल तर पेन्सिलीचा हात जरा जास्त फिरे, असे एका जुन्या फोटोवाल्याने मला हसत हसत सांगितले होते. फोटो धुण्याचेही शास्त्र होते. कागदावर चांदीचे क्षार असतात, उजेडाने ते काळे होतात, मग हायपोच्या पाण्यात चित्र पक्के करायचे आणि शेवटी भरपूर साध्या पाण्यात धुवायचे. हायपो कागदात राहिला तर फोटो पुढे पिवळा पडतो, पुसट होतो. आमच्या भागातले उन्हाळी लग्नांचे फोटो हिवाळ्यातल्यांपेक्षा जास्त पिवळे पडलेले मला दिसतात. माझा अंदाज असा की उन्हाळ्यात फोटोवाल्याच्या घरीही पाण्याची ओढ असेल. धुवायला पाणी आणणार कुठून?

आता एक फोटो सांगतो, ज्याच्यामुळे हा नाद माझ्यासाठी नुसता नाद राहिला नाही.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीला पूर आला आणि नदीपलीकडचे मोवाड बुडाले. २०४ माणसे गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. पुढे नोकरीला लागल्यावर आमच्या तालुक्यातल्या एका गावी एका बाईंच्या घरी बसलो होतो. त्यांचे माहेर मोवाडचे. आई, वडील, धाकटा भाऊ, तिघेही त्या पुरात गेले. घर गेले, घरातले भांडे गेले, आणि भिंतीवरचे फोटोही गेले. माहेरची म्हणावी अशी एकच वस्तू उरली होती, आणि तीही सासरी होती म्हणून. त्यांच्या लग्नातला सगळ्या वऱ्हाडाचा एक फोटो. तो त्यांनी ट्रंकेच्या तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता.

फोटो काही चांगला नव्हता. फोटोवाल्याने नवरा-नवरी आणि पाहुणे मंडळी नीट मधे घेतली होती. वडील कडेला, अर्धे कापलेले. भाऊ हलला होता, म्हणून त्याच्या तोंडाच्या जागी नुसता धूर. आईने पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला.

बाई म्हणाल्या, "माय त दिसतच नाही जी त्यात. पण हात पाहा. गोंदलेला हाये नं, थो माह्या मायचाच हात."

नवरीच्या खांद्यावर मागून एक हात ठेवलेला होता आणि मनगटावर गोंदण स्पष्ट दिसत होते. इतकी वर्षे त्या हातासाठी त्यांनी तो कागद सांभाळला होता. मी फोटो उलटा करून पाहिला. मागे वरुडच्या एका स्टुडिओचा जांभळा शिक्का, अर्धा पुसलेला. दुसरे काही नाही. मी बाईंना विचारत गेलो आणि पेन्सिलीने मागे लिहीत गेलो: डावीकडून पहिला कोण, दुसरा कोण, मागच्या रांगेत कोण. एकोणीस माणसांपैकी सोळा त्यांना ओळखता आली. उरलेल्या तिघांची नावे त्यांच्या सासूबाईंना ठाऊक असती. सासूबाई दोन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या.

त्या शिक्क्यावरून मी फोटोवाल्याचा शोध घेतला. ते केव्हाच वारले होते. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. निगेटिव्हची खोकी जुने घर पाडताना मलब्याबरोबर गेली, असे शेजाऱ्यांनी सांगितले. किती लग्ने, किती बारशी त्या मलब्यात गेली असतील!

बायकांच्या बाबतीत ही गोष्ट फार लागते. घरच्या पुरुषाचे फोटो असतात. सोसायटीच्या निवडणुकीतला, बैलजोडीबरोबरचा, कुणी १९५९ साली दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन पाहायला गेला असेल तर तिथला. पंजाबराव देशमुखांनी भरवलेल्या त्या प्रदर्शनाला आपल्याकडून बरेच शेतकरी गेले होते. पण घरच्या बाईचा फोटो एक लग्नातला, आणि दुसरा एकदम म्हातारपणी, पेन्शनच्या कागदासाठी काढलेला. मधली चाळीस वर्षे, जेव्हा तिने निंदण केले, कापूस वेचला, पोरे वाढवली, त्यांचा एकही नाही. म्हणून ती गेल्यावर लोक लग्नातला मोठा फोटो कात्रीने कापून तिचे तोंड वेगळे काढतात. असे करू नका. मोठी प्रत हवी तर त्या फोटोवरून दुसरा फोटो काढून घ्या. कात्री लागली की बाकीची माणसेही गेली आणि ती कोणाजवळ उभी होती हेही गेले.

पुस्तकांचे सांगायचे तर आमचा मुलूख त्याबाबतीत भाग्यवान आहे. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर इथून जवळच. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र सिद्ध केले. मूळ पोथी परचक्रात गेली आणि लोकांच्या आठवणींवरून ती पुन्हा जुळवावी लागली, अशी महानुभाव पंथाची परंपरा सांगते. पुढे शेकडो वर्षे ही पुस्तके मठामठांतून हाताने उतरवली गेली. उतरवणाऱ्यांतले बहुतेक आज आपल्याला अज्ञात. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्यासारखे अभ्यासक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पोथ्यांच्या मागे लागले, म्हणून मराठीतले हे जुने गद्य आपल्यापुढे आले. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले आहे.

जुन्या हातपोथीचा कागद हातात घेऊन पाहा. दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्यात होई तसा हातकागद शेकडो वर्षांनंतरही वाकतो, मोडत नाही. उलट आपल्या आजोबांच्या काळातले छापील पुस्तक उघडले तर पान बिस्किटासारखे तुटते. कारण ते लाकडाच्या लगद्याचे आणि तुरटी घालून केलेले. त्यातले आम्ल कागदाला आतून खाते. म्हणजे जुने तेवढे आधी जाते असे नाही. शंभर-सव्वाशे वर्षांतली छापील चोपडीच आधी जाणार आहे.

मी गोळा करतो ती पुस्तके पोथ्यांइतकी मोठ्या मानाची नाहीत. जुनी पंचांगे, बी-बियाण्यांच्या याद्या, शेतकी खात्याच्या पुस्तिका. या पुस्तिकांत कलम कसे बांधावे याची रेघांची चित्रे असतात. खुंटावर चीर, तिच्यात सरकवलेला डोळा, वर गुंडाळलेली पट्टी. चित्र इतके चोख की न वाचता येणाऱ्यालाही कळावे. चित्र काढणाऱ्याचे नाव मात्र शोधून सापडत नाही. पार पुसापर्यंत हीच तऱ्हा. बिहारातल्या पुसा येथे १९०५ साली शेतकी संशोधन संस्था निघाली आणि १९०९ मध्ये मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचे हिंदुस्थानातल्या किडींवरचे मोठे इंग्रजी पुस्तक आले. त्यातली रंगीत चित्रे पुसाच्या चित्रकारांची. आम्ही कॉलेजात लेफ्रॉयचे नाव शिकलो. पंखावरची एकेक शीर रंगवणाऱ्यांचे नाव आम्हाला कुणी शिकवले नाही.

एखादी गोष्ट जपली न जाता गेली तर किती मोठे नुकसान होते, याचे शेतकऱ्याला जवळचे उदाहरण म्हणजे महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. १८८३ साली तो लिहून झाला. 'दीनबंधू'त पहिली दोन प्रकरणे छापून आली आणि पुढली छापायचे थांबले. हस्तलिखित टिकले म्हणून आपण आज ते वाचतो. ते कुणी रद्दीत घातले असते तर?

पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती असल्या घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. त्या वस्तू घडवणाऱ्यांची नावे कुणाला माहीत नव्हती. पुढे त्यांनी वारलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय केले आणि सारा संग्रह शासनाला देऊन टाकला. आपल्याला एवढे करायचे नाही. आपली एक ट्रंक नीट राखली तरी पुष्कळ.

ती कशी राखावी हे सांगायला मी लायक आहे, कारण यात निम्मे काम किडींचे आहे. वाळवी जमिनीतून भिंतीने चढते. म्हणून ट्रंक भिंतीला लावू नये. चार विटांवर ठेवावी आणि महिन्यातून एकदा खाली वाकून पाहावे. खताच्या पोत्यांच्या खोलीत तर मुळीच ठेवू नये, तिथे ओल धरते. कसर लागू नये म्हणून आपल्या आज्या वेखंडाचा तुकडा आणि कडुनिंबाचा पाला ठेवत. ठेवा, पण पाला सावलीत कडक वाळवून कापडात बांधा. ओला पाला बुरशी आणतो. बगीच्याला मारायचे औषध पुस्तकांवर धुरळणारे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. ते पुस्तक पुढे पोर हातात घेणार, बोटाला थुंकी लावून पान उलटणार, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत सगळे एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्यावा. फोटोला कडक ऊन दाखवू नये.

चौकटीतला फोटो पावसाळ्यात काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहरा काचेवरच राहील. काचेसकटच मोबाइलने त्याचा फोटो घ्या. ओसरीच्या सावलीत, फ्लॅश न लावता, सरळ वरून. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पिवळा होऊन आत झिरपतो. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घरातले काळे-पांढरे फोटो टिकाऊ आहेत, कारण ते चांदीचे आहेत. रंगीत फोटो नुसत्या रंगाचे. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आताच लालसर होऊन उडू लागले आहेत, म्हणून आधी त्यांच्या प्रती काढा.

मागे लिहायचे ते पेन्सिलीने, हात हलका ठेवून, कडेला. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटते. नावे लिहा. आडनावाबरोबर बायकांची माहेरची नावे लिहा. कुठल्या सालचा, कुणाच्या लग्नातला, ते लिहा. साल आठवत नसेल तर 'मोठ्या विहिरीला पाणी लागले त्या वर्षी' असे लिहिले तरी चालते, त्यावरून साल काढता येते. शिक्का असेल तर तो वाचून स्टुडिओचे नाव लिहा, कारण शाई आधी जाते.

मागच्या हिवाळ्यात मी माझ्याकडच्या काही प्रती शेंदूरजनाघाटात एका पारावर दोरीला चिमट्यांनी टांगल्या. सकाळी पोरे जमली, दुपारी म्हातारे आले. एका संत्रा रोपवाटिकेच्या जुन्या फोटोपुढे दोघे जण बराच वेळ वाद घालत होते. फोटोत उकिडवा बसून डोळा बांधणारा माणूस कुणाचा आजा, यावरून. एकजण म्हणे आमचा, दुसरा म्हणे आमचा. शेवटी एक आजीबाई काठी टेकत आल्या, जवळून पाहिले आणि दोघांनाही वेडे ठरवून तिसरेच नाव सांगितले.

"आन् फोटो कोनं काढला, आजी?" मी विचारले.

"थो काय, बाजाराच्या दिवशी सायकलवर येत जाय. लंगडा होता एका पायानं. नाव मीच सांगतो, लिहून घे बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि मी खिशातली पेन्सिल काढली.