पिंपळाखालचे धन

रहस्यकथा वाचणाऱ्याला एक खोड असते. खुनी कोण, हे त्याला इतरांच्या आधी ओळखायचे असते. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांनी ही खोड मराठी घराघरांत लावली. २०२४ साली आलेली ‘मानवत मर्डर्स’ ही आठ भागांची मालिका आमच्या मुक्ताईनगरच्या घरी लागली, तेव्हा आम्हीही याच खेळाला बसलो होतो.

“किती सालची गोष्ट ही?” आईने विचारले.

“१९७२ ची.”

“म्हणजे दुष्काळातली,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखी, “तेव्हा आम्ही पोरी एकट्याच पाण्याला जायचो.”

त्यानंतर पडद्यावरच्या जुन्या मोटारींचे कौतुक कोणी केले नाही.

परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावी नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात एकामागून एक खून पडले. बळी गेल्या त्या बायका आणि लहान मुली. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ साली रामन राघवच्या खुनांचा छडा लावणारे तेच हे अधिकारी. मालिका त्यांच्याच पुस्तकावर बेतली आहे आणि त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकरांनी केली आहे.

रामन राघवला वेडा म्हणून बाजूला सारता येते. मानवतचे तसे नाही. पिंपळावरच्या मुंजाला रक्त दिले की पुरलेले धन सापडेल, कूस उजवेल, ही समजूत त्या तपासात पुढे आली. धन आणि मूल! ही काय राक्षसांची इच्छा झाली? आपल्या घरांतले नवस तरी दुसऱ्या कशासाठी बोलले जातात?

“पहिल्या खुनानंतर धन सापडले नाही, तेव्हाच यांना कळायला नको होते का, काका?” माझ्या पुतणीने विचारले. प्रश्न बिनतोड होता. पण अंधश्रद्धेचा हिशेब उलटा असतो. उत्तर चुकले म्हणून ती हिशेब टाकून देत नाही. आणखी एक बळी मागते. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २०१३ साली, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर.

मुक्ताईनगरात बसून ही मालिका अधिकच टोचते. जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे मंदिर आहे. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसणारा, साऱ्या सिद्धी पायाशी असलेला हा योगी. आणि त्याने गुरू केले कोणाला? मुक्ताई नावाच्या एका पोरीला! ही कथाही चमत्काराचीच, हे खरे. पण इथे सिद्धी मुलीपुढे वाकली. मानवतला सिद्धीसाठी मुली मारल्या गेल्या. देवाधर्माच्या नावाने सांगितलेल्या गोष्टींतली कोणती घ्यावी आणि कोणती टाकावी, हे ठरवायला याहून सोपी कसोटी मला तरी माहीत नाही.

दर वर्षी आषाढीसाठी इथून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. तिच्यामागून पोरी निर्धास्त चालत असतात.