वासाची झुडपं निवडताना

रोप विकत घेताना आपण फुलाचा रंग बघतो, आकार बघतो. त्याचा वास कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी येतो, हे सहसा विचारत नाही. पुण्यातल्या आमच्या घराभोवतीच्या चिंचोळ्या जागेसाठी झुडपं निवडताना मी मात्र हेच विचारत गेले. पावसाळ्यात जाई-जुई असतात. दिवाळीनंतर पारिजातकाचा सडा विरळ होत जातो आणि मग मोगरा येईपर्यंत बागेला वासच उरत नाही. मला ही मधली पोकळी भरायची होती.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात रंगांनी डोळे दिपतात. पण तिथल्या डेलिया, साल्व्हियासारख्या हंगामी फुलांना नाक लावून पाहिलं, तर हाती फारसं काही लागत नाही. थंडीत वास हवा असेल, तर पहिली निवड कुंदाची. ऐन थंडीत तो पांढऱ्याशुभ्र फुलांनी लगडतो. माघातल्या तिलकुंद चतुर्थीच्या नावातच तो आहे. त्याचा वास मुळातच मंद. त्यात गारठ्यात सुगंधी द्रव्यं हवेत सावकाश मिसळतात, म्हणून तो लांबवर जात नाही. तेव्हा कुंद कुंपणाला न लावता मी दारातल्या पायरीला लागून लावला. सकाळी परडी घेऊन वाकलं की लवदार पानं गालाला लागतात, बोटं दवानं ओली होतात आणि तो हलका, गोडसर वास नेमका तिथे भेटतो.

रातराणीचं उलट. नर्सरीतले काका म्हणाले, "ताई, ही खिडकीखाली नको, लांब कुंपणाला लावा." सल्ला अगदी योग्य होता. ऊब वाढू लागली की तिची हिरवट-पांढरी, नळीसारखी फुलं अंधार पडल्यावर उमलतात आणि निशाचर पतंगांना बोलावणारा तो वास अंगणभर पसरतो. लांबून तो सुखावतो, उशाशी मात्र डोकं धरायला लावतो. तिची पांढरी फळं विषारी असतात, म्हणून बहर ओसरला की मी शेंडे छाटून टाकते. लहान मुलांच्या घरात हे विसरून चालत नाही.

अर्धवट सावलीच्या कोपऱ्यासाठी कामिनी घेतली. ती लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या कुळातली, त्यामुळे तिच्या वासात संत्र्याच्या मोहोराची आठवण असते. ती एकदम फुलते आणि दोन-तीन दिवसांत पाकळ्या गाळून मोकळी होते. पण पानं बारा महिने तकतकीत राहतात.

सगळ्यात उन्हाची जागा मोगऱ्याला दिली. त्याला निदान अर्धा दिवस ऊन हवंच, नाहीतर नुसता पाला वाढतो. डिसेंबरात त्याचं पाणी तोडायचं, जानेवारीत छाटणी करून उरलीसुरली पानं खुडायची, मग माती उकरून शेणखत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. हिरवं झुडूप असं भुंडं करायला हात धजत नाही. पण मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीवर. फेब्रुवारीत काडीच्या प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन कोंब फुटतात. पुढे त्यांच्या शेंड्यांवर कळ्यांचे झुपके धरतात. दिवसा घट्ट मिटलेली, हिरवट झाक असलेली कळी संध्याकाळी टपोरी, पांढरी होते आणि रात्री उमलते.

गच्चीत किंवा बाल्कनीत दोनच कुंड्यांची जागा असेल, तर मी कुंद आणि मोगरा घ्यायला सांगेन. एकाचा बहर ओसरता ओसरता दुसऱ्याला कळ्या धरतात. मात्र रोप आणण्याआधी, आपण सकाळी कुठे उभे राहतो आणि संध्याकाळी कुठे बसतो, ते बघा. वासाचं झाड तिथेच लावावं.